साडूंचं राजघराणं

युरोपातल्या हॅब्सबर्ग राजघराण्याची जेवढी बेअब्रू आमच्या साडूंनी एकट्याने केली आहे, तेवढी त्या घराण्याच्या सगळ्या शत्रूंना तोफा लावूनही जमली नसेल. तीही कुठे, तर शारजात, अल नहदामधल्या आपल्या फ्लॅटमध्ये, वांग्याचं भरीत खाता खाता. नोकरी अबुधाबीच्याही पलीकडे, रुवैसच्या रिफायनरीत, पाइप आणि व्हॉल्व्ह खरेदी करण्याची. आठवडाभर तिथल्या क्वार्टरमध्ये हा माणूस एकटा राहायचा आणि मेलेल्या राजांची लग्नं वाचायचा. शुक्रवारी संध्याकाळी घरी आला की साठवलेला सगळा तिरस्कार आमच्या पानात वाढायचा. "साडूभाऊ, ऐका. ही मुलगी ठरली कोणाशी? राजाच्या मुलाशी. म्हणजे सून. मुलगा वारला. मग राजाने काय केलं? स्वतःच बाशिंग बांधलं! सख्ख्या बहिणीची मुलगी, सून म्हणून ठरली आणि बायको म्हणून आली! आणि हे म्हणे देवाने नेमलेले!" पुढे त्या दोघांचा मुलगा यायचा, तो शेवटचा राजा. उशिरा बोलायला लागलेला, उशिरा चालायला लागलेला, धड चावताही न येणारा. "दोन लग्नं केली, मूल नाही. खलास! घराणं खलास!" असं म्हणून ते टेबलावर मूठ आपटत आणि ताटातला पापड उडे.

श्रोता कोण आहे याची त्यांना पर्वा नसे. खालच्या दुकानातले रत्नागिरीचे चाचा आमसुलं तोलत असताना त्यांनी आख्खी वंशावळ ऐकली होती. हे गिऱ्हाईक आपल्यालाच काय विकतंय हे चाचांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते आपले "बरोबर आहे साहेब" म्हणत राहिले. पाहुणा आला की साडू आधी त्याची हनुवटी न्याहाळत. त्या राजांसारखी पुढे आलेली असली की अर्थपूर्ण खाकरत. खोर फक्कानच्या किनाऱ्यावर सहलीला गेलो, तिथे समोर कंटेनरची जहाजं पाहून बाकीचे फोटो काढत होते. हे म्हणाले, "यांच्याकडे जहाजं होती, सोनं होतं. सगळं घरातच राहावं म्हणून घरातल्या घरात लग्नं लावली. अक्कल तेवढी बाहेर गेली." खरं सांगायचं तर मला हा माणूस सहन होत नसे. ऑफिसात ज्याला कोणी विचारत नाही, तो घरी येऊन बादशहांना झापतो, असं माझं मत होतं आणि ते मी बायकोला दर शुक्रवारी परतताना ऐकवत असे.

मग त्यांच्या मुलाचं, चिन्मयचं आणि सुनेचं, सायलीचं दवाखान्यात जाणं सुरू झालं. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल होत नव्हतं. एकदा डॉक्टरांनी नेहमीच्या प्रश्नांत विचारलं, आईवडील नात्यातले आहेत का? चिन्मय म्हणाला, "येस, फर्स्ट कझिन्स." कारण माझी मेव्हणी, म्हणजे चिन्मयची आई, ही साडूंच्या मामाची मुलगी, आमचे सासरे त्यांचे सख्खे मामा. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्या राजांशी ते कोणी कधी जोडलं नव्हतं, साडूंनी तर नाहीच. डॉक्टरांनी या नात्याचा मूल न होण्याशी काही संबंध नाही असं स्पष्ट सांगितलं. चिन्मयनेही घरी बजावलं, "बाबा, इट्स नॉट दॅट. प्लीज डोन्ट स्टार्ट." त्यांनी स्टार्ट केलंच नाही. पुढच्या शुक्रवारी खाली मान घालून जेवले, पाणी मागितलं आणि उठले. ज्या शांततेसाठी मी इतकी वर्षं तळमळलो, ती मिळाली आणि मी ताटातल्या न उडालेल्या पापडाकडे बघत बसलो.

त्या वर्षी आमच्या ओळखीतल्या मंडळींच्या गणपतीला आरती झाल्यावर एका बाईंनी सायलीला भर घोळक्यात गाठलं. "काय गं, गुड न्यूज कधी? का तुझंच काही..." सायलीने हातातलं प्रसादाचं ताट पुढे केलं. साडू पुढे झाले. आवाज जेवणाच्या टेबलावरचाच. "वहिनी, एक राजा होता. दोष त्याचा होता आणि अख्खा दरबार राणीला बोल लावत बसला. परक्या देशातून आलेली ती पोर कुढत मेली. इतिहासात त्या दरबाराला गाढव म्हणतात. आता मोदक घ्या." बाईंना राजा कुठला, दरबार कुठला काही कळलं नाही; गाढव मात्र कळलं. सायलीने सासऱ्यांच्या हातावर पहिला मोदक ठेवला.

चिन्मय आणि सायली आपल्या गाडीने आधीच घरी गेले होते; परतताना साडूंच्या गाडीत मी त्यांच्या शेजारी पुढे बसलो होतो. त्यांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. "साडूभाऊ," ते हळूच म्हणाले, "मामाची मुलगी केली, ही चूक झाली का हो?" इतक्या वर्षांत या माणसाने मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मागच्या सीटवरून मेव्हणी म्हणाली, "झाली असेल तर दोघांनी मिळून केली आहे. मला बँकेतलंही एक स्थळ आलं होतं. मीच नको म्हटलं." मग पदराने डोळे टिपत ती म्हणाली, "यल्ला, काढा आता गाडी. पोरं घरी वाट बघत असतील."