मुन्शीअप्पांची एकमेव चूक

मुन्शीअप्पा कोणाचाही अर्ज पहिल्या सांगण्यावर लिहीत नसत. निजामाच्या काळात कळंबच्या तहसील कचेरीच्या आवारात, लिंबाखाली पत्र्याची पेटी मांडून ते बसत आणि लोकांचे अर्ज उर्दूत लिहून देत. आलेल्याला आधी पाणी द्यायचे, मग म्हणायचे, "सांगा." त्याचं सांगून झालं की टाक शाईत बुडवत म्हणायचे, "आता पुन्हा सांगा." दोन्ही वेळा सारखं आलं तेवढंच कागदावर उतरायचं. बांधाच्या भांडणातला एक पाटील शेजाऱ्यानं पहिल्यांदा तीन झाडं तोडली म्हणाला, दुसऱ्यांदा पाच. अप्पांनी लिहिलं, 'झाडं तोडली.' पाटील तडकला. अप्पा म्हणाले, "किती ते बांधावर जाऊन बघून या. तवर माझी शाई काय वाळत न्हाय."

स्वतः अप्पा उर्दू शिकले ते तिशी उलटल्यावर, एका मौलवींकडून. बदल्यात त्यांनी मौलवींना आपल्या आजोळची कानडी शिकवली. तिचा मौलवींना कधी काही उपयोग झाल्याचं ऐकिवात नाही. "शिकताना लोक लई हसले," अप्पा सांगत. "हसणाऱ्यांचे दात मोजत बसलो असतो तर अजून पहिल्याच अक्षरावर असतो." हे वाक्य माझ्या कानावर दोन वर्षं आधी पडतं तर पुढचं रामायण झालं नसतं.

मी तेव्हा हैदराबादेहून बी. ए. होऊन घरी आलो होतो. माझी गुणपत्रिका आमच्या येरमाळ्याच्या रस्त्यासारखी होती. गणिताला चढ, इतिहासाला खड्डा, आणि मध्ये एक अख्खं वर्ष नापास. मला गणितात एम. ए. करायचं होतं. तसे गणिताचे गुण पुरेसे होते; पण ते वर्ष का वाया गेलं, याचा लेखी खुलासा अर्जात द्यायचा होता. त्या खुलाशावर सगळं अडलं होतं.

"मुदतीचा ताप आला होता," मी अप्पांना सांगितलं. "श्रावणात. एकवीस दिवस गावी पडून होतो."

"आरारा! पुन्हा सांगा."

दुसऱ्या खेपेला ताप दिवाळीनंतर आला आणि दीड महिना राहिला.

अप्पांनी टाक खाली ठेवला. "बी. ए. साहेब, ताप लई फिरतीवरचा दिसतोय. गणित तुमचंच न्हवं?"

मग खरं निघालं. हैदराबादेत शिकवणं उर्दूत चाले. वर्गात एकदा मी उर्दूत उत्तर द्यायला उठलो आणि माझ्या गावाकडच्या उच्चारांना सगळा वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर वर्गाकडे फिरकलो नाही. वसतिगृहाच्या खोलीत बुद्धिबळ खेळत बसलो आणि घरी 'अभ्यास चांगला चालू आहे' अशी पत्रं टाकली. हे दुसऱ्यांदा सांगताना एक शब्द हलला नाही. अप्पांनी ते जसंच्या तसं लिहिलं, वर एक ओळ जोडली, 'पुढल्या वर्षी अर्जदार त्याच वर्गात परत जाऊन बसला', मला वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे एक नक्कल पेटीत ठेवली.

मी कागद घेऊन घरी गेलो आणि घाबरलो. हसण्याला भिऊन खेळत बसलेल्याला कोण घेणार? मी दुसरा अर्ज लिहिला. त्यात ताप घातला. अक्षर अप्पांसारखं वळवलं आणि खाली लिहिणाऱ्याच्या जागी त्यांचं नाव घातलं, कारण त्या नावाचा कागद कचेऱ्यांत कोणी उलटून तपासत नसे.

हा मात्र उलटला. विद्यापीठानं तापाची खात्री करून कळवा म्हणून तो तहसिलीत धाडला. तहसीलदारांच्या हाताखालच्या पेशकारांनी अप्पांना भर आवारात बोलावलं. "अप्पा, या माणसाला ताप आलाच नव्हता असं गावचे लोक सांगतात. हे तुम्ही लिहिलं?"

मी लिंबाच्या पलीकडे, दहा हातांवर उभा होतो.

अप्पांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "व्हय साहेब. माझ्या हातची चूक. दुसऱ्याचा ताप याच्यात घुसला. खरा अर्ज हा घ्या." त्यांनी पेटीतून माझ्या पहिल्या अर्जाची नक्कल काढून दिली. पेशकारांनी ती हैदराबादेला पाठवली आणि अप्पांना पंधरा दिवस आवारात बसायची बंदी केली.

अप्पा कुंपणाबाहेर चहाच्या टपरीशेजारी बसू लागले. लोक तिकडं जाऊ लागले. टपरीवाला खूश होता. "अप्पा, आणखी एक चूक करा की," म्हणायचा.

चौथ्या दिवशी मी धीर करून गेलो. "अप्पा, खरं का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमचं शिक्षण तिथंच संपलं असतं. माझं काय, हितं चहा गरम मिळतो." मग टाक पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पर तुमी लिंबापाशी हुता. मला वाटलं, आता बोलताल, मग बोलताल."

पंधरवड्यानं मला प्रवेश मिळाला. मी ढोकीच्या स्टेशनावर गाडी धरली, एम. ए. झालो, गणित शिकवू लागलो. पेशकारांना खरं सांगायचं दर सुट्टीत ठरवायचो. मग निजामाचं राज्य गेलं, पेशकार कुठं गेले कळलं नाही, कचेरीतून उर्दू गेली आणि अप्पा ईट गावाला मुलाकडे शेतावर राहायला गेले.

मागच्या वर्षी ते गेले. मातीला सगळा तालुका लोटला होता. कोणीतरी म्हणालं, "उभ्या हयातीत अप्पांची चूक एकच. त्या तापाच्या अर्जातली." लोक मायेनं हसले.

मी तेव्हा पन्नाशीला आलो होतो. पुढं झालो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "ती चूक अप्पांची नव्हती. तो अर्ज मी लिहिला होता. त्यांचं नाव मी घातलं होतं."

मग एका म्हाताऱ्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "मास्तर, गेलेल्या माणसाची चूक अंगावर घेताय. लई मोठं मन तुमचं."

मी परोपरीनं सांगितलं. त्यांनी मला सतरंजीवर अप्पांच्या मुलाशेजारी, मानाच्या जागी बसवलं.