काडतुसांच्या सदरातलं एक वाक्य

माझ्या नवऱ्याचं नाव दर महिन्याला छापून यायचं आणि माहेरी ते धड सांगायची सोय नव्हती. एका सुट्टीत आईच्या शेजारणीनं विचारलं, "जावई लेखक झाले म्हणे, कशावर लिहितात?" मी सरळ सांगून टाकलं, "दारूवर." बिचारीनं आईचा हातच हातात घेतला. मग मला बसून समजावावं लागलं, की दारू म्हणजे बंदुकीची. काडतूस उडवलं की पितळेची रिकामी पुंगळी उरते. तिच्यात पुन्हा दारू मापून भरायची, नवी गोळी बसवायची, की काडतूस परत तयार. ते कसं करावं आणि कसं करू नये, यावर हे एका इंग्रजी मासिकात सदर लिहितात. शेजारीण म्हणाली, "म्हणजे भांड्याला कल्हई केल्यासारखं." इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

आम्ही शारजात आलो ते नव्वदीच्या सुरुवातीला. घर शारजाच्या रोल्ला भागात, खाली साड्यांची दुकानं, शेजारी टायपिंग सेंटर. हे एसीचे डक्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी बघायचे. त्याआधी पुण्यात काडतुसं तपासण्याच्या नोकरीत होते, त्यामुळे शारजात आल्यावर लोक क्रिकेटची टीम शोधतात तसा यांनी नेमबाजीचा क्लब शोधून काढला. वाळवंटाच्या रस्त्यावर होता. क्लबला पोलिसांची परवानगी होती आणि काडतुसं भरायची एक वेगळी खोली होती. विकतची काडतुसं महाग, म्हणून सरावासाठी क्लब आपल्या आपण भरून घ्यायचा आणि खिडकीतून सभासदांना द्यायचा. ती खोली दर शुक्रवारी यांच्या ताब्यात. घरी मात्र दारूचा एक कणसुद्धा आणायचा नाही, हा कायदा सरकारचा होता आणि त्याहून कडक माझा. क्लबातून निघताना हे कपडे बदलत, हात धूत, आणि तरी मी दारात त्यांचा वास घेऊन मगच आत सोडायचे.

क्लबात एक इंग्रज सभासद अमेरिकन मासिकांचे जुने अंक टाकून जायचा. हे ते गठ्ठ्यानं घरी आणत आणि जेवताना वाचत. त्या मासिकांत काडतुसं भरण्यावर सदरं लिहिणारे मोठे नामांकित लोक होते. एकाचं प्रत्येक सदर त्याच्या कुत्र्यापासून सुरू व्हायचं. दुसरा दर महिन्याला नवी बंदूक घेऊन हरणामागे जायचा आणि हरीण हमखास मिळायचं. मी मासिकं चाळून एकच निरीक्षण केलं होतं. "अहो, या लोकांना काडतुसं भरायचं एकही यंत्र आजवर वाईट मिळालेलं नाही. काय नशीब हो." यांनी अंक उलटा केला आणि मागचं पान दाखवलं. ज्या यंत्राची आत स्तुती, त्याचीच मागे रंगीत जाहिरात.

पण यांचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. "हे सगळे बर्फातले लोक," हे म्हणायचे. "आपल्या ऑगस्टमध्ये गाडीत ठेवलेलं काडतूस हातात धरवत नाही. त्या उन्हात दारू कशी वागते, हे यांना काय ठाऊक?" मी म्हटलं, "मग तुम्ही लिहा." म्हणायला काय जातंय, म्हणून म्हटलं होतं. पण यांनी मनावर घेतलं.

दुबईतून तेव्हा एक इंग्रजी मासिक निघायचं. त्यात बहिरी ससाणे, वाळवंटात पळवायच्या गाड्या आणि थोडी नेमबाजी असायची. यांनी पाठवलेला पहिला लेख मी वाचला आणि कपाळाला हात लावला. मी शारजातल्या एका इंडियन स्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचे. सातवीतल्या पोरानं तसं लिहिलं असतं तर उभं केलं असतं. मग ठरलं, की हे लिहिणार आणि मी टाइप करणार, आणि जे मला कळणार नाही ते छापायला जाणार नाही. यांची वाक्यं गुळाच्या ढेपेसारखी असायची, मी ती फोडायचे. भांडणं व्हायची. "तुला दारूतलं काय कळतं?" "तुमच्या वाचकाला तरी कुठं कळतंय? यल्ला, चला, सोपं करून सांगा." लेख झाला की मी खाली टायपिंग सेंटरमधून फॅक्स करून यायचे.

सदर चाललं, आणि चांगलं चाललं. मस्कतहून, कुवेतहून पत्रं यायला लागली. क्लबात लोक यांना थांबवून विचारायचे. कारखान्यात हे चारचौघांसारखे एक, साहेब ओरडला तर खाली मान घालणारे. पण महिन्याच्या एका दिवशी, अंक आला की, यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. स्वतःचं पान उघडत नसत. अंक टेबलावर ठेवत, चहा घेत, आणि मग जणू सहज नजर गेली असं करून वाचत. मला सगळं दिसत होतं. मला अभिमान वाटायचा, आणि तो मी लपवायचे, कारण लपवला नसता तर हे शेफारले असते.

आमची मुलगी तोवर सोळाची झाली होती. ती क्लबात ज्युनियर गटात पिस्तूल चालवायची, आणि बरं चालवायची. माझा जीव खालीवर व्हायचा. "आई, रिलॅक्स," ती म्हणायची. बाबांच्या सदराबद्दल तिचं मत एका शब्दाचं होतं, "बोरिंग."

त्याच वर्षी मासिकाच्या मागच्या पानावर एका नव्या यंत्राची जाहिरात सुरू झाली. दांडा ओढला की पुंगळीत मापाची दारू पडायची, असं यंत्र. त्याच्या दुबईतल्या विक्रेत्यानं एक नग क्लबला पाठवला आणि संपादकांनी यांना कळवलं, की पुढचं सदर त्यावर लिहा. सभासद खूष होते. दोघांनी स्वतःसाठी ऑर्डर द्यायचंही ठरवलं होतं.

हे सलग काही शुक्रवार त्या यंत्राशी बसले. घरी येत तेव्हा कपाळावर आठी असायची. एका संध्याकाळी मी कणीक मळत होते आणि हे ओट्याला टेकून सांगत होते. वरचं भांडं प्लॅस्टिकचं आहे. आपली हवा कोरडी असली की दारूचे कण त्याला चिकटून बसतात, आणि मग एका पुंगळीत कमी पडते, पुढचीत जास्त. मला वाटलं, जास्त पडली तर धोका. हे म्हणाले, "कमी पडली तरीही. गोळी नळीत अर्ध्यात अडकते, आवाज फुसका येतो, नवख्याला कळत नाही. तो दुसरी मारतो, आणि नळी फुटते."

लेखात मात्र हे सगळं आकड्यांत होतं. तक्ते, फरक, सरासरी, आणि शेवटी गुळमुळीत एक ओळ, की कोरड्या हवेत सुधारणेला वाव आहे. मी टाइप करता करता थांबले.

"हे कुणाला कळणार?"

"जाणकाराला कळेल."

"आणि जो जाणकार नाही, त्याचं काय? मला सरळ सांगा. या यंत्रानं भरलेलं काडतूस तुम्ही आपल्या पोरीच्या हातात द्याल?"

"वेडी आहेस का? एकही दिलेलं नाही."

"मग तेच लिहा."

यांनी कागद ओढून घेतला आणि ती गुळमुळीत ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "टाइप कर." आणि मी टाइप केलं, की या यंत्रानं भरलेली काडतुसं मी माझ्या मुलीला दिली नाहीत. बस, एवढंच. फॅक्स केला आणि भाजी घेऊन वर आले.

अंक आला. यांनी चहाची वाट पाहिली नाही, दारातच बूट न काढता पान उघडलं. तक्ते होते. आकडे होते. शेवटचं वाक्य नव्हतं. वरच्या ओळीलाही कुणीतरी हात लावला होता, आता ती म्हणत होती, की थोडी काळजी घेतली तर हे यंत्र आपल्या हवामानाला उत्तम आहे. आणि खाली यांचं नाव, नेहमीच्याच ठळक अक्षरात.

हे चिडले की बोलत नाहीत, भांडी घासतात. त्या दिवशी घासलेली भांडी यांनी पुन्हा घासली. मग हात पुसून फोन लावला. संपादकाचा आवाज मला दोन हातांवरून ऐकू येत होता. भला माणूस होता, यांना मान द्यायचा, पण मासिक जाहिरातीवर चालायचं. "हबीबी, एकच तर ओळ होती. आकडे सगळे ठेवलेत ना? ज्याला समजायचं त्याला समजेल. तू पुढच्या महिन्यापासून दोन पानं घे. फोटोही छापू."

फोटो! यांना फोटोची किती हौस होती ते मला ठाऊक होतं. त्या अमेरिकन लेखकांचे असतात तसा, टोपी घालून. मला वाटलं, आता हे हो म्हणतील. आणि म्हणाले असते तरी मी काय बोलणार होते? यांच्याजवळ दुसरं होतं काय? नोकरी ही अशी, आणि महिन्यातून एक पान.

हे म्हणाले, "पुढच्या अंकात ती ओळ छापा."

"ते शक्य नाही."

"मग माझं नाव काढा."

"म्हणजे सदर बंद. खलास?"

"खलास," हे म्हणाले, आणि फोन इतक्या हळू ठेवला की मला रडूच आलं.

रडून झाल्यावर मला राग आला. नाव काढून काय होणार? छापलेलं ते छापलेलं. क्लबातले ते दोघं आता यांच्याच शब्दावर ते यंत्र घेणार होते. मी ते म्हणायच्या आत हेच म्हणाले, "शुक्रवारी तूही चल."

क्लबात शुक्रवारी नमाजानंतर सगळे चहाला जमायचे. अध्यक्ष एक वयस्कर अरब गृहस्थ होते, पोलिसातून निवृत्त झालेले, हिंदी आपल्यासारखी बोलणारे. त्या दिवशी विक्रेत्याचा माणूसही सूट घालून हजर होता, यंत्र दाखवायला. यांनी अध्यक्षांकडे जाऊन काहीतरी विचारलं. अध्यक्षांनी हातानं खूण केली, बोला.

माझा नवरा चार माणसांत कधी उभा राहून बोललेला नाही. पुण्यात सोसायटीच्या गणपतीत आभार मानायलासुद्धा मला पुढे ढकलायचा. त्यानं खिशातून मी टाइप केलेली प्रत काढली. इंग्रजी उच्चार पुण्याचे. पण त्यानं लेख पहिल्या ओळीपासून वाचला, तक्त्यांसकट, एकही आकडा न गाळता. लोक चुळबुळ करायला लागले, कोणी बिस्किटं घेतली. आणि मग शेवटची ओळ आली. ती वाचून त्यानं कागदाची घडी घातली आणि म्हणाला, "मासिकात हे वाक्य नाही. माझ्या लेखात होतं."

बिस्किटं खाणारे थांबले. आमची मुलगी कानावरचे आवाज अडवणारे मफ गळ्यात अडकवून मागे बसली होती. लाल झाली होती. मला वाटलं, गेली कामातून, आता महिनाभर घरात अबोला.

सूटवाला उठला. हसून म्हणाला, की सरांचा अनुभव मोठा आहे, पण हे अखेर त्यांचं वैयक्तिक मत आहे.

"हो," हे म्हणाले. "वैयक्तिकच आहे. मुलगी माझी आहे."

मी आयुष्यात यांच्या पुष्कळ गोष्टींवर वैतागले असेन, पण त्या क्षणी त्या पत्र्याच्या शेडमध्ये माझी छाती अशी भरून आली, की वाटलं उठून सगळ्यांना सांगावं, हा माझा नवरा आहे. सांगितलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं.

पुढे कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चहा संपला, लोक सरावाला उठले. हे खोलीत जाऊन खिडकी उघडून बसले, दर शुक्रवारी बसायचे तसे. समोर दोन प्रकारचे डबे होते, चाचणीसाठी नव्या यंत्रावर भरलेले आणि यांनी जुन्या तराजूवर एकेक मापून भरलेले. मी बाजूला उभी होते. बराच वेळ खिडकीशी कोणी आलं नाही, आणि मला धाकधूक वाटायला लागली, की सदर तर गेलंच, आता हा शुक्रवारही जातोय की काय.

मग अध्यक्ष आले, काठी टेकत. त्यांच्यामागे यंत्र घेणार होते ते दोघं, आणि त्यांच्यामागे बाकीचे. अध्यक्षांनी डब्यांकडे पाहिलंच नाही. यांच्याकडे बघून हिंदीत विचारलं, "बेटी किस डिब्बे का मारती है?"

हे उत्तर देणार, तेवढ्यात मुलगी गर्दीतून पुढे आली, तिनं खिडकीतून हात घातला आणि बाबांच्या तराजूचा डबा अध्यक्षांसमोर सरकवला.