बिब्बा नव्हता

धायरीत तेव्हा गोठे होते आणि शेणाचा वास माझ्या दवाखान्यात येई. त्या वासाची मला किळस होती. शेतकऱ्यांच्या जिवावर दवाखाना चालवायचा आणि त्यांनाच तपासताना नाक मुरडायचं, असा मी डॉक्टर.

एक सून तापाने फणफणलेल्या सासूला घेऊन आली. म्हातारीच्या तळहातांवर, तळपायांवर लाल ठिपके होते. सुनेने लुगडं सारून गुडघ्यामागची काळी खपली दाखवली. लुगड्याच्या काठाला एरंडीच्या बीसारखी, रक्त पिऊन टम्म झालेली गोचीड चिकटली होती. मला उमासा आला. ती चिमट्याने खाली टाकून मी बुटाखाली चिरडली. फरशीवर काळपट रक्त पसरलं.

“गुडघेदुखीवर बिब्बा लावलात ना? उतलाय तो, कातडी जळलीय. कधी सुधारणार तुम्ही लोक?”

“न्हाई डॉक्टर, बिब्बा न्हाई लावला. म्हशीच्या गोचिडी काढताना...”

“मला शिकवू नका.”

गोचीडताप मी पुस्तकात वाचला होता. ताप, खपली, तळहातांवरचे ठिपके, आणि खुद्द गोचीडही समोर होती. त्यावरच्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या माझ्याच कपाटात होत्या. कॉलेजातल्या मुलांना मुरुमांसाठी देत असे. म्हातारीला मात्र टायफॉइड ठरवून पाच दिवस भलतीच इंजेक्शनं टोचली. लघवी बंद झाली तेव्हा मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथल्या तरुण डॉक्टरने खपली पाहून एवढंच विचारलं, “घरी जनावरं आहेत का?” त्याने लगेच योग्य औषध सुरू केलं, पण दुसऱ्या दिवशी ती गेली. गोचीडताप होता हे त्याने मला फोनवर कळवलं.

नंतर म्हातारीचा मुलगा आला. “बायकोनं बिब्बा लावला, त्यानंच आई गेली का?”

मी म्हणालो, “असले उपाय अंगाशी येतातच.”

हे वाक्य आठवलं की तो उमासा पुन्हा येतो. आता गोचिडीचा नाही, माझा.

परवा त्या सुनेकडे गेलो. गोठ्याच्या जागी इमारत झाली आहे, ती तिसऱ्या मजल्यावर राहते. मी सगळं सांगितलं. तिने बसा म्हटलं नाही.

“मी लावलाच नव्हता, तर मला म्हाईत नसंल व्हय? माझ्या मालकाला सांगायचं व्हतं. मरेस्तोवर माझ्या हातचं जेवला न्हाई तो.”

मी निघालो, तेव्हा मागून म्हणाली, “लिवून द्या आता. जाऊबाई अजून जित्या हायत, त्या अजून मलाच दोष देत्यात.”

म्हणून लिहून देतो आहे. बिब्बा नव्हता. गोचीड चावल्याची खपली होती, आणि मी ती ओळखली नाही. कळल्यावरही दोष सुनेवर जाऊ दिला.