कडू पाला

मनकर्णामावशीला गावात डॉक्टरपेक्षा जास्त मान होता, आणि मला त्याचाच राग यायचा. कन्नडजवळच्या आमच्या गावात कुणाला साप चावला की माणूस आधी तिच्या ओट्यावर. ती कडुनिंबाचा पाला चघळायला द्यायची. कडू लागला तर विष नाही, जा घरी. गोड लागला तरच दवाखाना. तीस वर्षं हेच चाललं होतं. मी संभाजीनगरातल्या पुंडलिकनगरहून सुट्टीला गेले की तिच्याशी वाद घालायचे. "चार बुकं शिकली म्हणून मावशीला शिकवती व्हय?" ती म्हणायची. दोन वर्षांपूर्वी गावातल्या सांडूच्या पोरीला साप चावला, पाला कडू लागला आणि दुपारपर्यंत पोर गेली. बाहेरचं होतं, असं गाव म्हणालं. मावशीही तेच म्हणाली.

यंदा श्रावणात मी तिच्याकडंच असताना पहाटे तिची सून सुलेखा जमिनीवरच्या अंथरुणातून पोट धरून उठली. गोधडीखाली मण्यार निघाली. पायाला सूज नाही, ठणका नाही, फक्त बारीक दोन ठिपके. मावशीनं पाला दिला.

"कडू हाय, आत्याबाई," सुलेखा म्हणाली.

"मग काय नाय. पड जरा."

मी भांडले, पण मावशीपुढं माझं कोण ऐकणार? तासाभरात सुलेखाच्या पापण्या मिटल्या, मग जीभ जड झाली. "डोळे उघड गं!" मावशी ओरडत होती. ते उघडेचनात.

तिला कन्नडच्या दवाखान्यात नेलं, तिथं इंजेक्शनं दिली, घशात नळी घातली. त्या नळीला लावलेला रबरी फुगा दाबत डॉक्टर ॲम्ब्युलन्समध्ये बसले आणि गाडीनं संभाजीनगरचा रस्ता धरला. वेरूळच्या घाटात त्यांचे हात भरून आले. फुगा मावशीनं घेतला.

"दाबा, सोडा. थांबलात की ती गेली," डॉक्टर म्हणाले. "त्यांना सगळं ऐकू येत असेल. अंग लुळं पडलंय, पण आत जाग आहे."

"सुले, मी हाय गं," मावशी दर दाबाला म्हणत होती. पडेगावला गाड्यांची रांग लागली. मला रडू आवरेना. मी फुगा मागितला, तिनं दिला नाही.

तिसऱ्या दिवशी सुलेखानं डोळे उघडले. मी धावत बाहेर आले. मावशी भिंतीला टेकून फरशीवर बसली होती.

"मावशी, वाचली गं सुलेखा!"

तिनं हात जोडले. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "सांडूची पोरबी कडूच म्हणली व्हती. तिला मी घरी धाडलं."