साडूंचं यंत्र आणि मावशींची म्हैस

आमच्या साडूंइतका डोकं उठवणारा माणूस अख्ख्या मावळात दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याला वलवणला माझ्या घरी पाठवू नका. साडू पुण्यात कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात, पण सुट्टी लागली की आमच्या बाहेरच्या खोलीत ठाण मांडतात. अतिवृष्टीत कुठला रस्ता बंद करायचा, कुठली वाडी हलवायची हे सुचवणारं यंत्र त्यांना तालुक्यासाठी करायचं होतं. त्यासाठी म्हणे जगातली प्रत्येक गोष्ट काय आहे आणि तिचं दुसरीशी नातं काय, हे यंत्राला समजेल असं आधी मांडून द्यावं लागतं. या मांडणीला ते ऑन्टॉलॉजी म्हणत. माझी बायको तिला भावजींची सोयरीक म्हणायची.

आता नाती जुळवायला बसलेला माणूस कुणाला सुखानं जेवू देईल? बायको म्हणाली, "भावजी, छत्री घ्या, पाऊस वाढलाय," की हे घास हातात धरून विचारणार, "ओढ्याला पूर येण्याइतका, की नुसती छत्री लागण्याइतका?" माझ्या पुतण्याच्या लग्नात सगळे अक्षता घेऊन उभे, आणि यांनी मंडपवाल्याला कोपऱ्यात गाठलेलं: "हा मंडप वादळात निवारा धरायचा की उडणारी वस्तू?" बिचारा मंडपवाला लग्न लागेपर्यंत वरच बघत होता. लोहगडवाडीला टपरीवाल्याला विचारलं, गडावर आलेल्या पोरांना पर्यटक म्हणायचं की अडकलेले? तो भजी तळता तळता म्हणाला, "धुकं पडंस्तवर गिऱ्हाईक, मग आमच्या गळ्यात!" साडूंनी ते जसंच्या तसं यंत्रात घातलं. माझी भजी तोवर थंडगार.

कहर झाला तो आंदर मावळात. डोंगराच्या पोटाशी एक वाडी आहे. तिथं भर उन्हाळ्यात हे घरोघर विचारत फिरले, "पावसात तुम्हाला खाली गावातल्या शाळेत नेलं, तर कशासाठी परत वर याल?" गाडी अर्थातच माझी आणि ड्रायव्हरही मीच. एक मावशी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "धारंला यावंच लागंल की. ही माज्याबिगर कुनाला हात लावू देत न्हाई." झालं! यंत्रात म्हैस आजवर 'मालमत्ता' होती, ती आता 'माणसाला परत नेणारी' झाली. "अहो, एका म्हशीचं एवढं काय?" मी चुकून बोललो, आणि घरी पोचेपर्यंत व्याख्यान ऐकलं.

गेल्या पावसाळ्यात आभाळ फाटलं. वाडीतली माणसं शाळेत आणली, वाडी रिकामी आहे, असं तालुक्याच्या एका साहेबांनी साडूंना फोनवर कळवलं. साडूंच्या पडद्यावर मात्र वाडी धोक्याच्या लाल रंगातच. "म्हशी वरच आहेत, साहेब! धारेच्या वेळेला माणसं वर जाणार!" साहेब म्हणाले, जनावरांसाठी गाडी नाही. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. माझा टेम्पो गुलाबाची फुलं बाजारात न्यायचा आहे, हे मी सांगितलं, पण ऐकतंय कोण! पोचलो तर मावशी चरवी घेऊन चढणीला लागलेल्याच.

"तुमी कशाला आला एवढ्या पावसाचं?"

"म्हशीला न्यायला," साडू म्हणाले.

मग वाडीतल्या बाप्यांनी बाकीची जनावरं हाकत खाली आणली. मावशींची म्हैस पाण्याला बुजली, म्हणून ती माझ्या टेम्पोत. तिला चढवताना हा गृहस्थ पावसात ओरडतोय, "आधी पुढचे पाय की मागचे?" त्या क्षणी दरडीपेक्षा मला त्यांचाच जास्त वैताग आला होता.

शाळेच्या पडवीत मावशी धार काढायला बसल्या आणि वर डोंगर गडगडला. मावशींचं घर आणि गोठा दोन्ही मातीखाली गेली. वर माणूस एकही नव्हता. मावशींचे हात कासेवर थांबले, मग पुन्हा चालू झाले. आणि आमचे साडू, जे कधी गप्प बसले नाहीत, ते भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मला त्यांचा फार अभिमान वाटला. तो मी त्यांना अजून सांगितलेला नाही, डोक्यावर बसतील.

पाऊस ओसरल्यावर यंत्रातली माहिती नवी करायची होती. खचलेला रस्ता त्यांनी बदलला, ओढ्यावरचा वाहून गेलेला साकव काढला. मावशींचं घर मात्र तसंच ठेवलं.

"अहो, ते घर आता नाही," मी म्हणालो. "एवढे नेमकेपणाचे भोक्ते तुम्ही, काढून टाका की."

साडू चष्मा पुसत राहिले. "परवा भेटल्या मावशी. भाचीकडे राहतात आता. मला म्हणाल्या, 'घरी या की येकदा च्याला.' आणि हात वर डोंगराकडं केला त्यांनी. मी कसं काढू?"