चांगल्या दिवसांतली प्रार्थना

प्रभाकरभाऊ सकाळी आमच्या कापडदुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहिले, तेव्हाच मी समजले. ते आत येईनात. तिथूनच म्हणाले, "वहिनी, करुणा गेली…" त्यालाही आता काही आठवडे झाले. शेजारच्या घरातून कुठलाच आवाज येत नाही, आणि त्या शांततेची मला अजून सवय होत नाही.

वाशीमला आमची घरं भिंतीला भिंत लावून. आम्ही जैन, ते ख्रिस्ती. प्रभाकरभाऊंची बायको करुणा आणि मी एकाच शाळेत शिकवायचो. तिच्या आईची गोष्ट तिनं मला ओळख झाल्यावर लवकरच सांगितली होती. आसेगावला राहणाऱ्या त्या बाईचे हातपाय चाळिशीत आपोआप हलायला लागले, जसं कुणी आतून ओढतंय. चाल गेली, बोलणं गेलं. गावानं बाहेरची बाधा ठरवली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार रक्तातून येतो, त्याला औषध नाही, आणि तो मुलांना होईल की नाही हे तपासणीशिवाय कळायचं नाही. करुणाची मुलगी एस्तेर तेव्हा पाळण्यात होती. करुणानं तपासणी केली नाही.

तिला आजारापेक्षा आईला बसलेल्या भीतीची धास्ती होती. आई दर रविवारी चर्चमध्ये पुढं उभी राहून गायची, पण आजार आल्यावर देवानं आपल्याला टाकलं म्हणून शेवटपर्यंत ओरडत राहिली. करुणा एकदा मला म्हणाली, "मायनं चांगल्या दिवसांत देवासंगं बोलणं केलंच नाही. मंग वाईट दिवसांत त्याचा आवाज तिले ओळखूच आला नाही."

म्हणून ती पहाटे उठून स्तोत्रं पाठ करायची. संध्याकाळी नवऱ्याला आणि एस्तेरला जवळ बसवून मोठ्यानं प्रार्थना म्हणायची, अगदी पाहुणे आले तरी. प्रभाकरभाऊ एसटीच्या वर्कशॉपमधून दमून आलेले असायचे. एकदा माझ्यासमोरच ते वैतागले. "काहून आतापासूनच रडून राह्यली? काही झालं तरी हाये का तुले?"

"रडून नाही राह्यली," ती म्हणाली. "हातपाय माह्यं ऐकतात तवर शिकून ठेवून राह्यली. मंग नाही जमणार."

ते उठून बाहेर निघून गेले.

एका नाताळला किन्हीराजाहून तिचा धाकटा भाऊ जेवायला आला होता. जेवताना टेबलाखाली त्याचा पाय हलत होता, थांबतच नव्हता. सगळ्यांनी पाहिलं. करुणानं त्याला आणखी भात वाढला. पुढं त्यानं घरात कोंडून घेतलं. कुणी देवाचं नाव काढलं की ताट भिरकावायचा. तो गेल्यावर करुणाची पहाट आणखी लवकर सुरू व्हायला लागली… आणि मी नकळत तिच्या हातांवर नजर ठेवू लागले.

मग एके दुपारी मी शाळेच्या व्हरांड्यातून जात होते. ती फळ्यावर लिहीत होती. तिचा खांदा एकदम उडाला आणि खडूची रेघ फळ्याच्या कडेपर्यंत गेली. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं, खडू खाली ठेवला. घरी येताना वाटेत एवढंच म्हणाली, "आलं."

तयारी केली म्हणून सगळं सोपं झालं, असं मी लिहिणार नाही. ती चावायची, किंचाळायची. पास्टरांना तिनं दोनदा हाकलून दिलं. बोलणं गेल्यावर काही महिने ती प्रार्थनेच्या वेळी तोंड फिरवून पडायची. तेव्हा प्रभाकरभाऊंनी ती म्हणायला सुरुवात केली. आयुष्यात त्यांनी कधी मोठ्यानं प्रार्थना म्हटली नव्हती. पण इतकी वर्षं कानावर पडून त्यांना ती सगळी येत होती. एकदा मी तिथं बसले असताना ते मध्येच अडले. आणि करुणानं, जिला पाणी हा शब्दही उच्चारता येत नव्हता, तिनं भिंतीकडे तोंड करूनच पुढचा शब्द म्हटला. स्पष्ट नव्हता, पण तोच होता. प्रभाकरभाऊंना रडू फुटलं. तरी त्यांनी ओळ पुरी केली.

त्यानंतरही ती किंचाळायची. तिच्या चेहऱ्यावर मला राग दिसला, थकवा दिसला. पण आपल्याला टाकून दिलंय, ही भीती मात्र कधी दिसली नाही…

परवा मी त्यांच्याकडे गेले. अकोल्याची नोकरी सोडून एस्तेर घरी आली आहे. तिनंही तपासणी केलेली नाही. करुणाच्या खोलीतच ती झोपते. झटक्यांत करुणाला लागू नये म्हणून खोलीच्या चारही भिंतींना प्रभाकरभाऊंनी जुन्या गाद्या ठोकून बसवल्या होत्या. त्या आता काढून टाकाव्यात म्हणून ते पकड घेऊन आले होते.

एस्तेर पलंगावर बसून आईचं एक स्तोत्र पाठ करत होती. डोकं वर न करता म्हणाली, "राहू द्या, बाबा."

प्रभाकरभाऊ पकड खाली ठेवून तिच्या शेजारी बसले, आणि दोघं पहिल्या ओळीपासून म्हणायला लागले.