पट्ट्याचा ताण

सासऱ्यांची लाकूड चिरायची आरा मशीन शहापूरला, हायवेला लागून होती. आमच्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळं होऊन काही वर्षं झाली होती. नवरा वरठीच्या कारखान्यात ड्युटीला जायचा, त्यामुळे मशीनवर सासरे आणि एक मिस्त्री असायचे. सासऱ्यांना मोतीबिंदू झाला आणि त्याच सुमारास मिस्त्री नागपूरला निघून गेला. आऱ्याच्या दातांना धार लावायला मी शिकलेच होते. मशीनही मीच हाती घेतली.

जाताना मिस्त्रीनं आऱ्याच्या दातेरी पट्ट्याला ताण द्यायच्या स्क्रूवर लाल खूण करून दिली होती. "इथवर आवळायचं, बस." पंधरा दिवस ठीक चाललं. मग पट्टा बदलला. नवा पट्टा जुन्यापेक्षा अरुंद आणि पातळ होता, तरी मी त्याच खुणेपर्यंत आवळला. दुपारी तो बंदुकीसारखा आवाज करून तुटला.

सासरे आवाजाच्या दिशेनं धावत आले. "लागलं का तुले?"

"नाही जी, मामाजी."

पट्ट्यावरच्या झाकणामुळे वाचले होते. भीतीपेक्षा राग जास्त होता, स्वतःचाच. दुसऱ्याच्या खुणेवर मी डोळे मिटून काम करत होते. रॉकेलच्या चिंधीनं मी ती खूण पुसून टाकली.

त्यानंतर रोज मेन स्विच बंद करून पट्टा अंगठ्यानं बाजूला दाबून बघायचे. सैल असला की फळी नागमोडी निघते, फार आवळला की दातांच्या मुळाशी चीर पडते. महिन्याभरात माझ्या अंगठ्याला ते बरोबर कळू लागलं.

उन्हाळ्यात शेजारच्या गावची मंडळी ट्रॉलीतून सागाचा ओंडका घेऊन आली. विहाराचं दार करायचं होतं. झाड एका म्हातारीच्या शेताच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं. तीही ट्रॉलीत बसून आली होती.

"तू चिरतेस?" तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चिर मंग. माह्या माणसानं लावलं होतं. वाकडं नको करू."

दोन फळ्या सरळ निघाल्या. तिसरीत पट्टा रेघ सोडू लागला, अगदी केसभर. मी मशीन थांबवली.

"काहून बंद केली?" मंडळी कुजबुजली.

"पट्टा तापून वाढला. ढिला झाला."

सासऱ्यांनी फळीवर हात फिरवला. "बराबर बोलते ते," एवढंच म्हणाले.

स्विच बंद करून मी पट्टा दाबून पाहिला आणि स्क्रूला पाव फेऱ्याहून कमीच पीळ दिला. बाकीच्या फळ्या आरशासारख्या निघाल्या. काम संपल्यावर ताण सैल केला, कारण तापलेला पट्टा तसाच आवळलेला राहिला तर थंड होताना आखडतो आणि त्याला चीर जाते.

म्हातारी एकेक फळी हातानं चाचपत होती. मग उरलेला तुकडा उचलून माझ्यापुढे धरला.

"याचा मले जेवाले बसाचा पाट करून दे."

मी पुन्हा पट्टा आवळला.